घर मुंडकाराचे, जमीन भाटकाराची

१२ मार्च १९७६ या तारखेचा गोव्यात कुठे उत्सव होत नाही. १९ डिसेंबरला मुक्तिदिन साजरा होतो, ३० मेला घटकराज्य दिन. पण मामलेदाराच्या कचेरीत मुंडकारपणाचा दावा सुनावणीला आला की वकिलाच्या, साक्षीदाराच्या आणि खुद्द मामलेदाराच्या तोंडी हीच तारीख असते. त्या दिवशी तुम्ही त्या घरात राहत होता का, आधीचे निदान वर्षभर राहत होता का, आणि भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने राहत होता का? गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेने १९७५ साली केलेला मुंडकार संरक्षण कायदा या दिवशी लागू झाला. भाटकाराच्या भाटात घर करून राहणाऱ्या कुटुंबाला, म्हणजेच मुंडकाराला, त्याच्या मर्जीखातर उठवणे बेकायदा ठरले आणि घराखालची व घराभोवतीची थोडी जमीन विकत घेण्याचा हक्क त्या कुटुंबाला मिळाला. गोव्यात सामान्य माणसाला स्वतःचे घर मिळावे म्हणून गेल्या साठ वर्षांत जेवढे उपाय झाले, त्यांत हा कायदा मला सर्वांत परिणामकारक वाटतो. आणि त्याच्यासाठी सरकारला एक चिराही रचावा लागला नाही. घरे उभी होतीच, त्यांच्याखालची जमीन मात्र दुसऱ्याची होती. गोव्याची घरटंचाई मुळात जमिनीच्या हक्काची टंचाई आहे, आणि हे जेव्हा ओळखले गेले तेव्हाच काही पदरात पडले. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांचा इतिहास त्याची साक्ष देतो.

हे दोन्ही तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात उशिरा आले. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी सोळाव्या शतकातच गेले होते. डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. ‘नव्या काबिजादी’ असे नाव मिळालेल्या या मुलखात धर्मांतराची लाट ओसरलेली होती आणि राज्यकर्त्यांना महसूल व शांतता एवढेच हवे होते. म्हणून देसाई, सरदेसाई, मोकासदार यांचे जुने हक्क बहुतांशी तसेच राहिले, काहींना वर पोर्तुगीज किताबही मिळाले. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला मिळालेला ‘व्हिस्कोंद’ हा किताब त्याचे ठळक उदाहरण. याचा परिणाम असा, की गावच्या गाव एका घराण्याच्या किंवा मोजक्या भाटकारांच्या मालकीचे आणि त्यात राहणारी शेकडो माणसे कूळ म्हणून शेतात व मुंडकार म्हणून घरात, अशी रचना या भागात जुन्या काबिजादींपेक्षाही घट्ट रुजली. कित्येकदा एकच माणूस सकाळी कूळ आणि संध्याकाळी मुंडकार असे. शेत ज्याचे, घराखालची जागाही त्याचीच, म्हणून खंडाबद्दल तक्रार करायची तर डोक्यावरचे छप्पर पणाला लावावे लागे.

भाटकारांची बाजू मांडणारे आजही म्हणतात की ही व्यवस्था वाटते तितकी निर्दयी नव्हती. ज्याला कुठेच थारा नव्हता त्याला भाटकाराने आपल्या माडांखाली जागा दिली, भाडे घेतले नाही, अडीनडीला धान्य दिले. यात तथ्य आहे. कायद्यानेही भाडे देणाऱ्याला मुंडकार मानलेले नाही. मात्र भाडे नव्हते म्हणजे मोबदला नव्हता असे होत नाही. मुंडकाराने भाटाची राखण करायची, नारळ उतरवताना आणि लग्नकार्यात, सणावारी वाड्यावर राबायचे, हाक आली की हातातले काम टाकून जायचे. या श्रमाचा हिशेब कुठल्या वहीत होत नसे, म्हणून तो कधी फिटतही नसे. दुसरी गोष्ट घराच्या बांधणीतच दिसते. मातीच्या भिंतीचे, झावळ्यांनी शाकारलेले घर चालेल, पण चिऱ्यांची भिंत चढवायची, कौले घालायची म्हटले की संमतीचा प्रश्न येई. पक्के घर म्हणजे पक्का हक्क, हे दोघांनाही कळत होते. राहायला जागा होती, पण पिढ्यान् पिढ्या राहूनही त्या जागेवर काही साठवता येत नव्हते. ना पैसा, ना पत, ना झाड. हातात साधन असूनही घर सुधारता न येणे हा घरटंचाईचा एक प्रकारच आहे. तो शिरगणतीच्या कोष्टकात मात्र दिसत नाही, कारण तिथे ‘कुटुंब एक, घर एक’ अशी नोंद होऊन हिशेब जुळलेला असतो.

१९६१ च्या मुक्तीनंतर ही गाठ राजकारणाने सोडवायला घेतली. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे जो बहुजन समाज उभा राहिला त्यात कुळे आणि मुंडकार मोठ्या संख्येने होते, आणि नव्या काबिजादींचे तालुके हा त्या पक्षाचा कणा होता. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या वादात या पक्षाची आठवण भाषेसाठी आणि १९६७ च्या जनमत कौलासाठी निघते, पण पेडण्या-डिचोलीच्या मतदाराला त्यात जमिनीचा प्रश्नही तितकाच दिसत होता. १९६४ मध्ये कूळ कायदा आला, १९६८ मध्ये जमीन महसूल संहिता. तिच्या आधाराने सत्तरच्या दशकात गावोगाव सर्व्हे झाला आणि ‘एक-चौदा’चा उतारा नावाचा जमिनीच्या हक्कांचा कागद गोमंतकीयांच्या घरात शिरला. बांदोडकर ऑगस्ट १९७३ मध्ये गेले आणि शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकार कायदा आणि कुळाला जमिनीचा मालक मानणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, ही दोन्ही पावले त्यांच्या कारकिर्दीतली, आणि त्यांच्यात जेमतेम काही आठवड्यांचे अंतर आहे. विधानसभा तेव्हा पणजीत मांडवीकाठच्या आदिलशहाच्या वाड्यात भरत होती. ज्या इमारतीतून पोर्तुगीज व्हाइसरॉयांनी भाटकारांच्या मालकीवर शिक्कामोर्तब केले, तिथेच ती मालकी मर्यादित करणारा मसुदा मंजूर व्हावा, एवढी गंमत इतिहासाने केली.

कायद्याची रचना पाहिली की तो करणाऱ्यांना गाव नीट माहीत होता हे कळते. त्यांनी मोठ्या क्षेत्राचे वचन दिले नाही. घराच्या भिंतीपासून पाच मीटरपर्यंतची जागा, किंवा पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर आणि अन्यत्र २०० चौरस मीटर, एवढ्यावर विषय आटोपला. पगारावर ठेवलेला नोकर, राखणदार, दुसऱ्याच्या घरात सांभाळ करायला राहिलेला माणूस यांना वगळले. निवाडा दिवाणी न्यायालयाऐवजी मामलेदाराकडे सोपवला, कारण मुंडकाराला तालुक्याची कचेरी परवडेल, न्यायालय परवडणार नाही. ही कल्पना एकट्या गोव्याची नव्हती. केरळात जमीनदाराच्या जागेत झोपडी करून राहणाऱ्यांना ‘कुडिकिडप्पुकार’ म्हणत. १९६३ च्या जमीन सुधारणा कायद्याने आणि १९७० पासून लागू झालेल्या त्याच्या दुरुस्तीने त्यांना पंचायतीत दहा सेंट, नगरपालिकेत पाच आणि मोठ्या शहरात तीन सेंट जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. पाठोपाठ १९७२ मध्ये केरळने भूमिहीनांसाठी ‘एक लाख घरे’ योजना हाती घेतली. आधी पायाखालची जमीन आणि मग तिच्यावर घर, हा क्रम तिथे सांभाळला गेला. गोव्यात पहिले पाऊल पडले आणि दुसरे अर्ध्यावर राहिले. पुढची सगळी गुंतागुंत त्या अर्ध्या पावलातून आली असे माझे मत आहे.

पहिले पाऊल तरी पूर्ण पडले का, असे कुणी विचारील, आणि ते रास्त आहे. कायद्याने हक्क दिला, कागद दिला नाही. कागदासाठी मुंडकाराने आधी आपण मुंडकार आहोत असे जाहीर करून घ्यायचे, मग नोंदवहीत नाव चढवायचे, मग खरेदीचा अर्ज करायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर भाटकाराला अपिलाची वाट मोकळी. सर्व्हेच्या वेळी ज्याचे घर उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात नोंदले गेले त्याचे बरे चालले, आणि भाटकाराच्या भिडेपोटी ज्याने नाव घातले नाही त्याला साक्षीदार शोधत फिरावे लागले. एका पिढीने अर्ज करायचा आणि दुसरीने निकाल ऐकायचा, असे हजारो दाव्यांत झाले. २०१४ मध्ये हे दावे मामलेदारांकडून काढून दिवाणी न्यायालयांकडे सोपवण्याचा प्रयोग झाला, तेव्हा कूळ-मुंडकारांनी त्याला कडाडून विरोध केला आणि सरकारला काही वर्षांत माघार घ्यावी लागली. मामलेदार संथ असेल, पण त्याच्यासमोर आपले आपण बोलता येते हे लोकांना ठाऊक होते. इतके असूनही कायदा निष्फळ ठरला असे म्हणता येत नाही, कारण त्याचे खरे काम निवाड्यांच्या संख्येत मोजता येत नाही. घराबाहेर काढले जाण्याची भीती १९७६ मध्ये संपली. दुरुस्तीला, विजेला, नळाला भाटकाराची मर्जी राखण्याची गरज कमी झाली. आखातातून किंवा खाणीवरच्या ट्रकवरून आलेला पैसा मातीच्या भिंतींच्या जागी चिरे बसवण्यात जाऊ लागला. ज्यांना घराखालची जमीन आपल्याकडून जाणार नाही एवढाच भरवसा मिळाला, त्यांनी घरे स्वतःच्या खर्चाने सुधारली. सरकारी तिजोरीतून इतकी घरे बांधायला किती दशके लागली असती याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

हा भरवसा मिळाला नाही तर काय होते, याचे उदाहरण डिचोली तालुक्यातच आहे. मये हे तळ्यासाठी पर्यटकांना माहीत असलेले गाव पोर्तुगीज काळात एका कोंदाच्या, म्हणजे काउंटच्या, मालकीचे होते. गोवा मुक्त झाल्यावर मालक पोर्तुगालला गेला आणि १९६४ च्या निर्वासित मालमत्ता कायद्याखाली गावातली जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात आली. जो गाव मुक्तीनंतर सर्वांत आधी मोकळा व्हायला हवा होता, तो सर्वांत जास्त अडकला. भाटकार देशाबाहेर, त्याच्या जागी सरकार. आणि सरकार तर अधिक अवघड भाटकार, कारण त्याला ना मुंडकाराची ओळख ना भीड. कसणाऱ्यांनी कस्टोडियनकडे भरणा करायचा, घर वाढवायचे तर परवानगीसाठी त्याच्याकडेच जायचे, आणि मुलाच्या नावावर काही करायचे तर करण्यासारखे हातात काहीच नाही. शेजारच्या गावांत मुंडकार खरेदीचे अर्ज करत असताना मयेकर आपण नेमके कोण, याचा निवाडा मागत होते. मये भू-विमोचनाची चळवळ या असह्यतेतून उभी राहिली आणि बरीच वर्षे चालली. शेवटी २०१४ मध्ये जमिनीवरचे जुने स्वामित्व, किताब आणि देणग्या रद्द करणारा कायदा विधानसभेने केला. मुक्तीला तोवर त्रेपन्न वर्षे होत आली होती. त्यानंतरही सनदा वाटण्याचे काम टप्प्याटप्प्यानेच पुढे सरकले. घरांची संख्या वाढवली की प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी मये अवश्य पाहावे. तिथे घरे होती, माणसे होती, राबण्याची तयारी होती. कमी होता तो एक कागद, आणि त्याच्या अभावी एका गावाची दोन पिढ्यांची कमाई भिंतींत गुंतवता आली नाही.

मयेची आणखी एक बाजू आहे. डिचोलीच्या भूमीत लोहखनिज आहे, आणि त्याचे पट्टे पोर्तुगीज काळात दिले गेले तेव्हा वर वस्ती आहे की देऊळ, हे फारसे पाहिले गेले नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले, आणि नव्या लिलावात डिचोलीचा पहिला ब्लॉक गेल्यावर मुळगाव, पिळगाव, लामगाव, शिरगाव, मये या भागांतून मागणी आली की आमची घरे, देवळे आणि शेते पट्ट्याच्या हद्दीबाहेर काढा. म्हणजे पृष्ठभागाचा हक्क मिळाला तरी खालच्या थराचा प्रश्न उरतोच. हा विषय स्वतंत्र आहे, इथे एवढेच पुरे.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मुंडकार कायद्याने जे आहेत त्यांना वाचवले, पण जे येणार होते त्यांचे दार लावून घेतले, असे भाटकारच नव्हे तर काही निष्पक्ष निरीक्षकही म्हणतात. १९७६ नंतर कोणता भाटकार आपल्या भाटात नव्या माणसाला खोपटी घालू देईल? आज दया दाखवली तर उद्या दावा. त्याआधी १९६८ मध्ये भाडे नियंत्रण कायदाही आला होता. त्यामुळे पणजीत, मळा आणि फोंतैन्यश या तिथल्या भागांत, जुने भाडेकरू नाममात्र भाड्यावर राहिले, मालकाने दुरुस्ती सोडली, आणि ज्यांच्याकडे रिकामी घरे होती त्यांनी ती भाड्याने देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणे पसंत केले. या आक्षेपाचा पुरावा शिरगणतीत मिळतो. २०११ मध्ये गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि रिकामी घरे सुमारे सव्वा लाख, म्हणजे साधारण दर पाच घरांमागे एकाहून अधिक. रिकाम्या घरांचे एवढे प्रमाण देशाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट आहे. टंचाई आणि रिकामी घरे एकाच गावात शेजारी शेजारी उभी आहेत.

मी हा आक्षेप अर्धा मान्य करतो. कायद्याच्या भीतीने दारे बंद झाली हे खरे. पण कुलूप लावायला इतर कारणेही पुरेशी आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारसा नियमांनी घर सर्व मुलांच्या वाट्याला येते, वारसांतला एक लिस्बनला, एक मुंबईला, एक आखातात, आणि इन्व्हेंतारची, म्हणजे वारशाची, वाटणी झाल्याशिवाय कुणालाच ते विकता किंवा भाड्याने देता येत नाही. शिवाय अलीकडच्या रिकाम्या घरांत मोठा भाग सुटीसाठी घेतलेल्या फ्लॅटांचा आणि व्हिलांचा आहे, त्यांच्या मालकांनी मुंडकार हा शब्दही ऐकलेला नसेल. मला खुपते ते वेगळेच. कायद्याने एकदा दिले आणि मग दार बंद केले. १९७६ च्या मुंडकाराला तीनशे मीटर मिळाले, पण त्याच्या तीन मुलांना वेगळी चूल मांडायची झाली तर? गोव्याची लोकसंख्या १९६० मध्ये सहा लाखांच्या आत होती, १९८१ मध्ये ती दहा लाखांवर गेली. या वाढलेल्या माणसांसाठी खासगी भाटकाराने जागा द्यावी अशी अपेक्षा कायद्यानेच बंद केली, तेव्हा ती जबाबदारी आपोआप सरकारवर आली. केरळचे दुसरे पाऊल ते हेच.

सरकारने ती जबाबदारी ओळखली नाही असे नाही. १९६८ मध्ये गृहनिर्माण मंडळाचा कायदा झाला, पर्वरी, मडगावचे गोगोळ, कोलवाळ, साखळी अशा ठिकाणी मंडळाच्या वसाहती उभ्या राहिल्या. यांतल्या पर्वरीने तर पणजीचा पसारा आपल्या अंगावर घेतला, पुढे २००० मध्ये विधानसभाही तिथेच गेली. या वसाहतींत नोकरदार मध्यमवर्गाची एक पिढी स्वतःच्या घरात गेली हे निर्विवाद. पण मंडळ जमिनीसाठी त्याच बाजारात उभे होते जिथे बिल्डर उभा होता, आणि खेडेगावातल्या मुंडकाराच्या मुलाला हप्ते भरून तालुक्याच्या गावी प्लॉट घेणे जमण्यासारखे नव्हते. सरकारी घरबांधणीचे यश सांगताना सिंगापूरचे नाव नेहमी घेतले जाते. तिथले मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले हे सगळे सांगतात, १९६६ मध्ये जमीन संपादनाचा कठोर कायदा करून सरकारने बेटावरच्या जमिनीचा मोठा भाग स्वस्तात आपल्या हाती घेतला, हे मात्र क्वचित सांगितले जाते. इमारती नंतर आल्या, जमीन आधी आली. तिथल्या संपादनाच्या कडकपणाचे मी समर्थन करत नाही, गोव्यात ते शक्यही नाही. पण घरे बांधण्याचे जगभरातले सर्वांत गाजलेले उदाहरणदेखील शेवटी जमिनीच्या हक्कावरच येऊन थांबते.

मग बाजारालाच मोकळे सोडावे, असे म्हणणारा एक वर्ग आहे. त्याचे म्हणणे साधे आहे: भूखंड कमी म्हणून महाग, तेव्हा शेती आणि डोंगर वस्तीच्या विभागात आणा, पुरवठा वाढेल, किंमत उतरेल. अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्याप्रमाणे हे बरोबर आहे, आणि जिथे घेणारा व राहणारा एकच असतो तिथे ते खरेही ठरते. गोव्यात तो एक नाही. नगरनियोजन कायद्यातल्या १६ ब, १७ (२), ३९ अ या कलमांनी गेल्या काही वर्षांत जमिनीचे विभाग बदलण्याची सोय झाली, त्यांतल्या १७ (२) खालचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. या सोयीतून जे उभे राहिले त्याच्या जाहिराती दिल्ली, मुंबई आणि बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला उद्देशून आहेत. पेडण्यात हे सर्वांत उघड दिसते. २०११ मध्ये जेमतेम ७६ हजार वस्तीचा हा तालुका. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर आधी पाहुण्यांच्या खोल्या आल्या आणि मग दुसऱ्या घरांचा बाजार. मोपा पठारावर विमानतळासाठी सुमारे २२०० एकर जमीन संपादन झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये विमाने उतरू लागली. त्याच वर्षी पेडणे तालुक्याच्या विभाग आराखड्याचा मसुदा आला तेव्हा स्थानिकांनी इतका विरोध केला की सरकारला तो मागे घ्यावा लागला. हा विरोध विकासाला होता असे शहरात बसून म्हणणे सोपे आहे. पेडणेकरांनी साधा हिशेब केला होता. विभाग बदलला की जमिनीचा भाव घेणाऱ्याच्या ऐपतीप्रमाणे ठरतो, आणि घेणारा इथला नाही. तेरेखोलला तर गावातली बहुतेक जमीन गोल्फच्या मैदानासाठी आणि रिसॉर्टसाठी विकली गेली. २०१५ च्या सुमारास तिथल्या रहिवाशांचा कूळ आणि मुंडकार म्हणून हक्क सांगण्याचा लढा गोवाभर गाजला. गावच्या गाव विकले जात असताना गावकऱ्यांच्या हाती शस्त्र उरले ते १९६४ आणि १९७५ च्या कायद्यांचेच.

ज्यांना हे कायदे लागू नव्हते त्यांनी काय केले? जिथे जागा दिसली तिथे घर केले. मुंडकाराच्या मुलाने बापाच्या घराला लागून दोन खोल्या काढल्या, परवानगीशिवाय, कारण जमीन नावावर नसताना परवानगी मिळत नाही. कुणी कोमुनिदादीच्या, म्हणजे गांवकारांच्या सामूहिक मालकीच्या, डोंगरावर, कुणी सरकारी पडीक जागेत. पंचायतीने घर क्रमांक दिला, घरपट्टी घेतली, वीज खात्याने मीटर बसवला, मतदारयादीत नाव आले. सगळे कागद जमले, मालकीचा तेवढा नाही. बँक त्याच्यावर कर्ज देत नाही, आणि केंद्राच्या घरकुल योजनेतून स्वतः घर बांधायला मदत हवी तर तीही पायाखालची जमीन कुणाची हे आधी विचारते. २०१२ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ गटाने देशाच्या शहरांतली घरटंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची ठरवली. त्यात साफ बेघर कुटुंबे पाच-सहा लाख, आणि जवळजवळ ८० टक्के टंचाई दाटीने राहणाऱ्या कुटुंबांची. छप्पर आहे पण त्याखाली दोन-तीन चुली, हेच चित्र गोव्यातल्या तीनशे मीटरांत दिसते.

तेव्हा राज्याने पुन्हा तारखेचा आधार घेतला. २०१६ च्या कायद्याने २८ फेब्रुवारी २०१४ पूर्वीची बेकायदा बांधकामे काही अटींवर नियमित करण्याची वाट उघडली. २०२१ मध्ये ‘भूमिपुत्र अधिकारिणी’ विधेयक जुलैच्या अखेरीस घाईघाईने संमत झाले. तीस वर्षे राहणाऱ्याला घर आणि २५० चौरस मीटरपर्यंत जमीन द्यायची, असा त्याचा गाभा. आदिवासी समाजाने ‘भूमिपुत्र’ या नावालाच हरकत घेतली, विरोधकांनी चर्चेविना संमतीला, आणि विधेयक कायदा न होताच बारगळले. २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा बांधकामांवर कारवाईचे कडक आदेश दिले, तेव्हा हजारो घरे एकदम टांगणीला लागली. त्यानंतरच्या अधिवेशनात सरकारी जमिनीवरील आणि कोमुनिदादीच्या जमिनीवरील २०१४ पूर्वीची घरे ठरावीक क्षेत्रापर्यंत नियमित करण्याच्या दुरुस्त्या झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये ‘म्हजें घर’ योजना सुरू झाली. तिचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री प्रमोद सावंत ज्या साखळी मतदारसंघातून निवडून येतात, तो डिचोली तालुक्यातलाच.

या नियमितीकरणाला कोमुनिदादींचा विरोध आहे, आणि तो हेटाळण्यासारखा नाही. गांवकारांची सामूहिक जमीन पोर्तुगिजांच्या आधीपासूनची आहे, ती भाटकाराच्या जमिनीसारखी सत्तेच्या मर्जीने मिळालेली नाही. तिच्यावर कुणी बाहेरच्याने मतांच्या जोरावर घरे घालायची आणि सरकारने ती परस्पर त्याच्या नावावर करायची, तर अतिक्रमणाला बक्षीस दिल्यासारखे होते. १९७६ च्या मुंडकाराला हा आरोप लावता येत नव्हता, कारण त्याच्या कायद्याची पहिली अटच भाटकाराच्या संमतीची होती. घर बांधतानाच्या संमतीची अशी अट २०१४ च्या तारखेला नाही, हा फरक दोन्ही कायद्यांना एका माळेत ओवणारे विसरतात. मात्र या घरांत राहणाऱ्यांतले बरेच जण १९७६ च्या मुंडकाराचीच नातवंडे आहेत, हेही तितकेच खरे. त्यांनी संमती मागायची कुणाकडे? कोमुनिदाद संहितेत आफोरामेंताची, म्हणजे कायमच्या पट्ट्याने भूखंड देण्याची, तरतूद पूर्वीपासून आहे, आणि गरजू स्थानिकाला त्यातून जागा देता येते. कोमुनिदादी, त्यांच्यावर देखरेख करणारे प्रशासक आणि सरकार यांनी ती वाट गेल्या चाळीस वर्षांत नियमाने, गावागावांतली नवी कुटुंबे मोजून, वापरली असती तर २०१४ च्या तारखेची गरज पडली नसती.

आता २०१४ नंतर लग्न होऊन वेगळे निघालेल्या कुटुंबांचे काय, हे कुठल्याच कायद्यात नाही. पेडण्यात विमानतळाच्या आवारात व्यापारी विकासासाठी २३२ एकर राखून ठेवलेले आहेत, त्यावर हॉटेले, दुकाने, कार्यालये येतील आणि तिथे काम करायला माणसे लागतील. त्यांना राहायला जागा कोणत्या गावात, कुणाच्या जमिनीत आणि कोणत्या हक्काने मिळणार याचा आराखडा विमानतळाच्या आराखड्याबरोबर झालेला नाही. तो आज झाला नाही तर मोपाच्या आसपासच्या वाड्यांवर वीस वर्षांनी पुन्हा घरपट्टीच्या पावत्या गोळा होतील आणि पर्वरीच्या विधानसभेत पुन्हा एक तारीख ठरवावी लागेल.